खाकीवरचं माप

खासगी बाजार नावाच्या पेठेत सुमनताई इंगळ्यांच्या दुकानाला पाटी नाही. पाटी लावू या म्हणून त्यांचा मुलगा अंशुल दोन-तीनदा मागे लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, जिला ब्लाउज शिवायचाय तिला मी ठाऊक आहे, आणि जिला ठाऊक नाही तिनं खुशाल दुसरीकडे शिवावा. झालं, विषय संपला. दुकान म्हणजे तरी काय, भांडीवाला आणि पूजासाहित्यवाला यांच्यामधली एक चिंचोळी खोली. त्यात एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि सुमनताई. चौतीस वर्षं त्या तिथे बसतायत. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत त्यांच्या मनात माप घेऊन झालेलं असतं. गळ्यातली टेप ही आपली समोरच्या बाईच्या समाधानासाठी. कुणी म्हणालं, ताई, जरा घट्टच शिवा, मी आता बारीक होणारेय, तर ताई म्हणतात, मग झालीस की ये.

तोंड असं, पण हात सोन्याचा. ब्लाउजला टक्स कुठे घ्यायचे आणि किती खोल घ्यायचे, हे त्यांच्याइतकं अख्ख्या लष्कर भागात कुणाला कळत नाही. कापड सपाट असतं आणि बाई सपाट नसते, एवढी एक गोष्ट शिंप्याच्या डोक्यात शिरली की झालं, बाकीचं मशीन करतं, असं त्या म्हणतात. हेही त्या इतक्या मोठ्यानं म्हणतात की शेजारचा भांडीवाला बिचारा उगाच कढया पुसायला लागतो.

राहायला त्या दर्पण कॉलनीत. घरात यजमान उमाजीराव, वीज मंडळातून रिटायर झालेले. अंशुल कंपू भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आणि सून सोनिका, ती पोलिसात शिपाई.

आता इंगळे म्हणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेली मंडळी. घरात तलवार उरलेली नाही, पण तलवारीच्या गोष्टी मुबलक आहेत, आणि पाहुणा चहा संपवेपर्यंत उमाजीराव त्याला दोन लढाया तरी ऐकवतातच. एवढं असून पोलिसातल्या मुलीचं स्थळ आलं तेव्हा घरात अशी शांतता पसरली की विचारू नका. बाईमाणूस चौकात उभं राहून ट्रक अडवणार म्हणजे काय! मुलानं हट्ट धरला म्हणून सुमनताईंनी होकार दिला, पण अट घालून: कॉलनीतून जाता-येता खाकीवर ओढणी हवी. सोनिकानं ती अट सहा वर्षं पाळली. सासूबाईंपुढे ती उभी राहायची ती मान खाली घालून, आणि बोलायची इतकं हळू की उमाजीरावांना वाटायचं, आपले कान गेले.

होळीच्या आधीची गोष्ट. सोनिकाची ड्यूटी चौकात गाड्या तपासायची. एक मोठ्या गाडीतला तरुण उलट्या दिशेनं आला, तिनं थांबवला, दंडाचं चलान फाडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार ठोकली की बाईंनी माझ्या थोबाडीत मारली. सोनिका म्हणाली, मी बोटही लावलं नाही. वरचे साहेब म्हणाले, भांडता कशाला, तुमच्या छातीवर बॉडी कॅमेरा आहे ना, त्यात बघू. बघितलं. कॅमेऱ्यात होतं आकाश. आवाजाच्या नावानं नुसते हॉर्न.

थप्पड बाजूलाच राहिली. मॅडमनी पुरावा नको म्हणून कॅमेरा मुद्दाम वर फिरवला, असा नवाच आरोप उभा राहिला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. आठ दिवसांत चौकशी. सिद्ध झालं तर निलंबन, आणि पुढे नोकरीसुद्धा जाऊ शकते.

सोनिकानं घरी यातलं अक्षर सांगितलं नाही. रविवारी जेवताना अंशुलच बोलून गेला. अंशुलचं मराठी चार पावलं चाललं की हिंदीच्या गल्लीत वळतं. तो म्हणाला, आई, मतलब सीधी बात आहे, सोनिकाला झूठी ठरवतायत. सुमनताईंचा घास हातातच राहिला. ही नोकरी त्यांना कधीच आवडली नव्हती, उद्या सुटली असती तर त्यांनी पेढे वाटले असते. पण आपल्या सुनेला बाहेरचा कुणी खोटारडी म्हणतो? काय बोलायचं ते मी बोलीन की, बाहेरच्यांचा संबंध काय? त्यांनी ताट सरकवलं आणि ते आकाश मला दाखवा म्हणाल्या.

नोटिशीबरोबर पेन ड्राइव्ह मिळाला होता. अंशुलनं तो टीव्हीला जोडला आणि सगळं घर बघत बसलं. चाळीस मिनिटं कडुलिंबाचा शेंडा, विजेच्या तारा आणि तारांवर कबुतरं. मधेच एक पतंग कटून गेला. तारा फार सैल सोडल्यात, आमच्या वेळी असं चालत नसे, असा शेरा उमाजीरावांनी मारला.

सुमनताईंचं कबुतरांकडे लक्ष नव्हतं. हा कॅमेरा लावतात कुठे, त्यांनी विचारलं. सोनिकानं जमिनीकडे बघत कॉलरच्या खाली चार बोटांवर हात ठेवला. आत लोहचुंबकाची पट्टी, बाहेर कॅमेरा, मधे शर्टाचं कापड. बाकीच्या मुलींचे कॅमेरे काय बघतात?  सोनिका म्हणाली की आकाशच. कुणी खाली रुमालाची घडी सरकवते, कुणी एका हातानं धरून ठेवते. मग तोंड का नाही उघडलं कुणी? तर सामान वाटणारे, लिहून घेणारे, सह्या करणारे सगळे पुरुष. त्यांना कारण काय म्हणून सांगायचं?

सुमनताई उसळल्याच. म्हणाल्या, अगं, ही पट्टी कुठल्यातरी बाप्याच्या अंगावर लावून बघितली आणि तशीच सगळ्यांना वाटून टाकली, बाईच्या छातीला उतार असतो एवढं ज्याला... इथे उमाजीराव पेपर घेऊन उठले आणि व्हरांड्यात गेले. पुढच्या आठवड्यात त्यांना इतक्या वेळा उठावं लागलं की शेवटी ते पेपर व्हरांड्यातच ठेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या तीन बायकांना ताईंनी परत पाठवलं आणि कामाला बसल्या. उतार आहे तर पाचर हवी, वर जाड, खाली पातळ, म्हणजे कॅमेरा समोर बघेल. एवढं सरळ होतं. पण पाचर कशाची? पुठ्ठा घामानं लिबलिबीत झाला. कॉलरीत घालतात त्या कडक बकरमच्या घड्या शिवून बघितल्या, त्या दबल्या. हलकं हवं, टणक हवं, टोचायला नको. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा दारात उमाजीरावांची निळी रबरी स्लीपर होती. ताईंनी ती उचलून वाकवून बघितली, दाबून बघितली, आणि सरळ कात्री लावली. उमाजीराव एका पायात चप्पल घालून अर्धा तास घरभर हिंडत होते, आणि मुलानं, सुनेनं, कुणीही त्यांना काही सांगितलं नाही.

वर्दीवर टाका घालायची परवानगी नसते. म्हणून ताईंनी काळ्या कॅनव्हासचा सुटा पट्टा केला. वरून तो खांद्याच्या फितीत अडकायचा, खाली शर्टाच्या दोन बटणांत, आणि मधे रबराची पाचर शिवलेला कप्पा, त्यात कॅमेऱ्याची क्लिप बसायची. सोनिकाला समोर उभं करून त्यांनी माप घेतलं. अंशुलच्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला आणि उतारही मोजला. कॅमेरा रोज ठाण्यात जमा करावा लागतो, म्हणून त्याच्या जागी उमाजीरावांचा जुना छोटा मोबाइल लावून बघितलं. फोटोत सुमनताई कपाळापासून कमरेपर्यंत नीट आल्या. अंशुलनं टाळ्या वाजवल्या. व्हरांड्यातून उमाजीरावांनीही वा म्हटलं, चप्पल गेल्याचं दुःख बाजूला ठेवून.

दुसऱ्या संध्याकाळी सोनिका घरी आली ती दारातच थांबली. आई, आजही तसंच झालं, ती म्हणाली. आज कबुतरं नव्हती, पण समोरच्या इमारतीची गच्ची होती, गच्चीवरची टाकी होती, आणि माणसांचे फक्त केस.

चौतीस वर्षांत सुमनताईंनी शिवलेलं काही परत आलं नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आधी त्यांनी चपलेला नावं ठेवली, मग मोबाइलला, मग सोनिका शर्टाला कडक इस्त्री करते त्याला. सकाळी उठून परत कोन मोजला. कोन बरोबर होता. चौकशीला तीन दिवस राहिले होते. मीच चौकात येऊन बघते, त्या म्हणाल्या, तेव्हा सोनिकाचा चेहरा नोटीस आली होती त्या दिवसापेक्षा जास्त उतरला.

सोनिकाला सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधीच ताई जाऊन पोहोचल्या आणि चहाच्या गाड्याआड उभ्या राहिल्या. चौकात सोनिका काही दिसेना. दोन हवालदार होते, आणि एक पोलीसबाई. पण ती कुणी वेगळीच होती. पाठ सरळ, खांदे मागे, मान वर, अशी उभी की चौक जणू तिच्या बापाचा. एक भरलेला टेम्पो अंगावर येत होता, तिनं नुसता हात वर केला आणि तो जागच्या जागी थांबला. "गाड़ी साइड में लगाइए," ती म्हणाली, आणि तो आवाज पार चहाच्या गाड्यापर्यंत आला. कुणाची पोरगी आहे ही, ताईंच्या मनात आलं, काय उभी राहते, हिच्या अंगावर ब्लाउज किती सुंदर बसेल. मग ती पोरगी वळली, आणि सुमनताईंनी हातातला चहा गाड्यावर ठेवला. ती सोनिका होती.

त्यांनी माप घेतलं होतं ते सुनेचं. घरात सासूपुढे खांदे पाडून, पाठीला बाक आणून उभी राहते त्या सुनेचं. पट्टा त्या बाकाला अगदी बरोबर बेतलेला होता, आणि इथे चौकात बाक नव्हताच. बाई उंबऱ्यात दिसली की माप सांगणाऱ्या सुमनताई, आणि सहा वर्षं घरात वावरणाऱ्या मुलीची खरी उंची त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना आधी लाज वाटली. मग तिचा अभिमान वाटला, आणि मग राग आला, तो मात्र स्वतःचा. चहा अर्धा टाकून त्या सोनिकाला न भेटता घरी परतल्या.

संध्याकाळी त्यांनी फर्मान सोडलं, ताठ उभी राहा. सोनिका राहिली. टेप घेऊन ताई दोन पावलं पुढे आल्या आणि सुनेचे खांदे आपोआप खाली. ताठ, म्हटलं ना! ताई ओरडल्या, तर खांदे अजूनच खाली. मागून माप घ्यायचा प्रयत्न केला, डोळे मिटायला लावले, पण सासू खोलीत आहे हे त्या पाठीला डोळे मिटूनही कळत होतं. सोनिका रडकुंडीला आली. म्हणाली, आई, मी मुद्दाम नाही करत हो.

शेवटी ताईंनी अंशुलला बोलावलं आणि हेल्मेट न घालता स्कूटरवर बसून अंगणात येरझारा घालायला सांगितलं. पहिल्या फेरीला सोनिका हसली. दुसऱ्या फेरीला तिनं हात वर केला आणि लाइसेंस मागितलं. अंशुल सवयीनं म्हणाला, अरे यार, सोनिका. "यार किसको बोल रहे हैं?" सोनिकानं विचारलं, आणि ती जी सरळ झाली ती बघून शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आत पळाली. ताईंनी तेवढ्यात बाजूनं घुसून टेप लावली, कोनमापक लावला, माप पाठ केलं. पाचर वरच्या बाजूला अर्ध्या इंचाची होती ती पाऊण इंचाची झाली. उमाजीरावांची दुसरी स्लीपर तशीही एकटी पडली होती.

पुढच्या दिवशी नव्या पट्ट्यानं चौकातली माणसं दिसली, नंबरप्लेटा दिसल्या, सगळं दिसलं. आता हे साहेबांना पटवायचं राहिलं होतं. ताई म्हणाल्या, मी येते. हे सोनिकाला जमणार नाही, तिला बोलायची लाज वाटते आणि मला कशाचीच वाटत नाही.

चौकशी ठाण्यात, भदौरिया साहेबांपुढे होती. मोठ्या मिशा, कमी बोलणं. शेजारी लिहून घ्यायला मुंशीजी, आणि भिंतीवर पडदा, त्यावर कॅमेऱ्यातलं चित्र थेट दिसावं अशी सोय केलेली. आपण कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा सुमनताईंनी दर्ज़ी एवढंच सांगितलं. मग आधी खात्याची पट्टी लावून कॅमेरा चालू केला. पडद्यावर छताचा पंखा आला. साहेबांनी पंख्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि हूं म्हणाले. ताईंना धीर आला. त्यांनी आपला पट्टा सोनिकाच्या खांद्यात अडकवला, बटणं लावली, कॅमेरा बसवला आणि बाजूला झाल्या.

पडद्यावर फरशी आली. साहेबांच्या टेबलाचे पाय, खाली ठेवलेली कचऱ्याची टोपली आणि मुंशीजींचा उसवलेला बूट. मुंशीजींनी पाय मागे घेतला आणि म्हणाले, "साहब, मैडम तो जिधर चाहें उधर घुमा लेती हैं. अभी ऊपर, अभी नीचे."

साहेबांनी पेन उचललं. सोनिकाचा चेहरा पांढरा पडला आणि खांदे अजून उतरले, तशी पडद्यावर तिच्याच बुटांची टोकं दिसायला लागली. तिला सोडवायला आणलेला पट्टा तिच्याच विरुद्ध साक्ष देत होता. ताईंना कारण लगेच कळलं. कारण त्या स्वतः होत्या. त्या समोर उभ्या होत्या म्हणून सोनिका वाकली होती, ठाण्यात असो की घरात. आपण बाहेर जावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण बाहेर जाऊन साहेबांना काय कळणार होतं? एवढी वर्षं कुणालाही सुई टोचल्यासारखं बोलणाऱ्या सुमनताईंच्या तोंडात हिंदी येईना. त्या मराठीतच बोलल्या.

"सोनिका, मी समोर आहे म्हणून वाकू नकोस. चौकात उभी असतेस तशी उभी राहा. मी बघितलंय तुला तिथं, चहाच्या गाड्याआडून. मला फार आवडलीस तू."

सोनिका हलली नाही. मग तिनं एक मोठा श्वास घेतला. पडद्यावरची फरशी खाली सरकली, टेबलाचे पाय गेले, टेबलावरची फाइल आली, साहेबांची बटणं आली, त्यांच्या छातीवरची नावाची पाटी आली, आणि मिशांसकट भदौरिया साहेबांचा पूर्ण चेहरा पडद्याच्या मधोमध येऊन थांबला. साहेब नकळत सावरून बसले.

आपण हिला काय म्हणालात, त्यांनी विचारलं. आता ताईंना हिंदी आलं. "साहब, ये मेरी बहू है. घर में मेरे सामने झुककर खड़ी होती है, गलती मेरी है. ये पट्टा मैंने सिपाही के नाप का बनाया है, बहू के नाप का नहीं."

 साहेबांनी सोनिकाला चालायला लावलं, सलाम करायला लावला, जिना चढून-उतरून यायला लावलं. पडदा दर वेळी समोरचाच माणूस दाखवत राहिला. बाहेरून दोन महिला शिपायांना बोलावून त्यांना खात्याची पट्टी लावली. पहिलीच्या कॅमेऱ्यात पंखा, दुसरीच्या कॅमेऱ्यात पंखा आणि ट्यूबलाइट. अशा किती जणी आहेत, साहेबांनी विचारलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि सगळ्याच, असं सांगितलं. साहेबांनी मुंशीजींना लिहायला सांगितलं की कॅमेरा शिपायानं फिरवलेला नाही, दोष पट्टीचा आहे, आणि थपडेबद्दल तक्रारदाराच्या शब्दापलीकडे काही पुरावा नाही. मग ताईंकडे वळून म्हणाले की असे पट्टे सगळ्यांसाठी करून द्याल का. ताई म्हणाल्या, प्रत्येकीचं वेगळं माप घ्यावं लागेल, आणि त्या वेळी खोलीत त्यांची सासू नसलेली बरी. मुंशीजी हसले आणि साहेबांकडे बघून गप्प झाले.

कॅमेरा बंद करायला मुंशीजी उठले, पण त्याआधी सोनिका सासूबाईंकडे वळली. पाठ सरळ, खांदे मागे, आणि डोळे थेट त्यांच्या डोळ्यांत. सहा वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. भिंतीवर सुमनताई आल्या, गळ्यात टेप, हातात पिशवी, पदरानं नाक पुसत, कपाळापासून कमरेपर्यंत अगदी पूर्ण. त्यांनी पडद्यावर स्वतःला बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या सुनेला बघितलं, आणि तिच्यापुढे त्यांचीच मान जराशी खाली झाली.